चौकटीत कोण, चौकटीबाहेर कोण?

१९९७ च्या उन्हाळ्यात आम्ही नायगाऱ्याला गेलो. अमेरिकेत आलेल्या मराठी कुटुंबाची ही पहिली वारी, ती आम्हीही केली. छत्तीस फोटोंचा एक रोल होता, तो मी तिथेच संपवला. दुकानातून दोन-दोन प्रती करून घेतल्या आणि एक संच सांगलीला आईकडे पाठवला. तीन आठवड्यांनी रविवारी फोन लावला तेव्हा आई म्हणाली, "पाकीट मिळालं. धबधबा छान आहे रे. पण नातू कुठाय? मी भिंग घेऊन शोधला."

मी हसलो. फोन ठेवल्यावर आमच्याकडची प्रत काढून पाहिली, तर आईचे म्हणणे खरे होते. अख्खा धबधबा आला होता, वरचे आकाश आले होते, कठडा, बोट, तुषार, सगळे आले होते. आणि खाली कोपऱ्यात निळ्या रेनकोटातले दोन ठिपके होते. त्यातला एक ठिपका म्हणजे आमचे चार वर्षांचे चिरंजीव!

पुढे कित्येक वर्षे मी हा कॅमेऱ्याचा दोष समजत होतो. कॅमेरे बदलले, भिंगे घेतली, बायकोची बोलणी खाल्ली. फोटो होते तसेच राहिले. मग मंडळाच्या गणेशोत्सवाचे फोटो काढायचे काम गळ्यात पडले, आणि आता तरी शिकले पाहिजे म्हणून गावच्या हायस्कुलातल्या प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातले. आठ आठवड्यांचा वर्ग, विषय एकच, कॉम्पोझिशन. म्हणजे चौकटीतली मांडणी.

वर्गात जे शिकवले ते कोणत्याही प्राथमिक पुस्तकात सापडते, आणि ते उपयोगाचे आहे यात शंका नाही. चौकटीवर दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघा कल्पून तिचे नऊ भाग करावेत आणि महत्त्वाची वस्तू या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवावी. यालाच तृतीयांशाचा नियम म्हणतात. रस्ता, कठडा, जिना अशा रेघा नजरेला आत घेऊन जातील असे पाहावे. माणूस दारात किंवा खिडकीत उभा असेल तर त्या दाराचीच चौकट करावी. माणसाच्या डोक्यातून मागचा खांब उगवला नाही ना, हे बघावे. आणि बटण दाबण्यापूर्वी चारही कडांवरून एकदा नजर फिरवावी. हल्लीच्या मोबाईल फोनमध्येही त्या चार रेघा पडद्यावर आणता येतात. आपण त्या एकदा चालू करतो आणि मग विसरून जातो.

मला मौज वाटली ती ही, की तृतीयांशाचा हा नियम कॅमेऱ्याहून जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली ग्रामीण देखाव्यांवर एक पुस्तक लिहिले, त्यात तो या नावानिशी येतो. दागेरचा फोटोग्राफीचा शोध जाहीर झाला १८३९ साली. म्हणजे आकाश किती आणि जमीन किती, पाणी किती आणि झाडी किती, याचा तोल साधण्यासाठी चित्रकाराने सांगितलेले प्रमाण आपण आज वाढदिवसाच्या केकला लावतो आहोत. त्याने काही बिघडत नाही. पण वस्तू कुठे ठेवायची हे हा नियम सांगतो. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, ते सांगत नाही. माझ्या नायगाऱ्याच्या फोटोतला मुलगा चार रेघांपैकी एका छेदावर आणून ठेवला असता, तरी तो ठिपकाच राहिला असता.

हे दुसरे शिक्षण मला वर्गाबाहेर मिळाले, वाचनालयातल्या जाडजूड पुस्तकांत पाहिलेल्या तीन फोटोंकडून. या लेखात त्या तिघांविषयी सांगायचे आहे. तिन्ही प्रसिद्ध आहेत आणि इंटरनेटवर सहज पाहायला मिळतात. वाचकांनी ते समोर ठेवून हे वाचले तर माझ्याशी भांडायला सोपे जाईल.

पहिला फोटो आल्फ्रेड स्टिगलिट्झचा, 'द स्टीअरेज', १९०७ सालचा. स्टिगलिट्झ जन्मला आपल्या इथल्या होबोकनमध्ये, १८६४ साली, जर्मनीहून आलेल्या ज्यू आईबापांच्या पोटी. फोटोग्राफी ही चित्रकलेइतकीच स्वतंत्र कला आहे, हे अमेरिकेला पटवून देण्यात या माणसाचे आयुष्य गेले. स्टीअरेज म्हणजे बोटीतला सर्वांत स्वस्त वर्ग. फोटोत बोटीचे दोन मजले दिसतात. वरच्या डेकवर कठड्याला टेकलेल्या माणसांची गर्दी, बहुतेक पुरुष. त्यांतल्या एकाच्या डोक्यावर गवती टोपी, तिचा पांढरा गोल पहिल्या नजरेत डोळ्यांत भरतो. खालच्या डेकवर शाली पांघरलेल्या बायका, कडेवरची पोरे, पाठीवर पांढऱ्या पट्ट्यांची फुली दिसणारा एक माणूस. डावीकडे वर तिरका वासा, उजवीकडे शिडी. आणि या दोन गर्दींच्या मधून चौकट कापत जाणारा पांढराशुभ्र पूल, साखळ्यांच्या कठड्याचा. त्या पुलावर एकही माणूस नाही.

मी प्रथम हा फोटो पाहिला तेव्हा गळ्यात आवंढा आला. वाटले, हे आपलेच पूर्वज. आपण विमानाने दोन बॅगा घेऊन आलो, हे बोटीने गाठोडी घेऊन आले. नव्या देशाचा किनारा दिसायची वाट पाहत उभे आहेत. कितीतरी लोकांना असेच वाटते, आणि स्थलांतरितांवरच्या लिखाणात हा फोटो तसाच वापरला गेला आहे.

पुढे वाचनात आले की बोट उलट्या दिशेने चालली होती. 'कैसर विल्हेल्म दुसरा' नावाची ही बोट न्यूयॉर्कहून युरोपला निघाली होती. फोटोतली माणसे अमेरिकेत येत नव्हती, अमेरिकेतून जात होती. त्या काळी आलेल्यांपैकी बरेच जण काही वर्षे राबून परत जात, काहींना जावे लागे. आपल्या मंडळात "आणखी पाच वर्षं, मग परत" हे वाक्य वीस-वीस वर्षे म्हणणारे आपण सगळे आहोत. त्यामुळे बोटीची दिशा कळल्यावर माझ्यापुरता तो फोटो जास्तच जवळचा झाला. पण एक धडाही मिळाला. फोटोत जे आहे त्यावरून बोट कुठे चालली आहे ते सांगता येत नाही. चौकट दिशा दाखवते, पण ती डोळ्याची, प्रवासाची नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. स्टिगलिट्झ स्वतः त्या बोटीवर पहिल्या वर्गात होता, बायको आणि मुलीसह. या फोटोची हकीकत त्याने पस्तीस वर्षांनी छापली. पहिल्या वर्गातल्या मंडळींचा त्याला वीट आला होता. तो डेकच्या टोकापर्यंत चालत गेला आणि तिथून खाली पाहिले. त्याला दिसले ते आकार: गोल टोपी, इकडे झुकलेली एक रेघ, तिकडे झुकलेली दुसरी, पूल, पाठीवरची फुली. आणि त्या आकारांतून जाणवणारे आयुष्याविषयी काहीतरी. तो पळत केबिनमध्ये गेला. कॅमेऱ्यासाठी एकच कोरी काचेची प्लेट शिल्लक होती. परत आला तेव्हा टोपीवाला जागचा हलला नव्हता, फुलीवाला हलला नव्हता. त्याने ती एक प्लेट वापरली.

छत्तीस फोटोंचा रोल एका दुपारी उडवणाऱ्या माणसाने ही गोष्ट रोज सकाळी आठवावी!

आता यातले कॉम्पोझिशन कशात आहे? मी पुस्तकातल्या नऊ घरांची जाळी या फोटोवर ठेवून पाहिली. मुख्य वस्तू अमुक छेदावर आहे असे म्हणता येत नाही, कारण मुख्य वस्तूच नाही. चौकट मध्येच कापू नये असे शिकवतात. इथे पूल जवळजवळ मधूनच ती कापतो. तरीही फोटोतली एक गोष्ट हलवता येत नाही. पूल काढला तर वर-खाली दोन्हीकडे नुसती गर्दी उरते. पूल आहे म्हणून दोन गर्दी होतात, आणि त्या एकमेकींपासून तुटलेल्या दिसतात. नियमाप्रमाणे जी चूक ठरेल, तीच इथे फोटोचा अर्थ आहे.

आणि तरी मला या फोटोविषयी एक तक्रार आहे. बऱ्याच वेळा पाहिल्यावर लक्षात आले की इथले एकही माणूस मला आठवत नाही. टोपी आठवते, पट्ट्यांची फुली आठवते. चेहरा एकही नाही. वरून पाहिल्यावर माणसे अशीच दिसतात, आकार होऊन. फोटो काढणाऱ्याची पहिल्या वर्गाची जागा चौकटीत नाही, पण फोटोचा प्रत्येक इंच त्या जागेवरून पाहिलेला आहे. कॉम्पोझिशनचा पहिला प्रश्न वस्तू कुठे ठेवावी हा नाही, आपण कुठे उभे आहोत हा आहे, हे मला इथे कळले. स्टिगलिट्झ खालच्या डेकवर उतरला असता तर हा फोटो झाला नसता, हे मान्य. दुसरा कुठलातरी झाला असता.

तो दुसरा कसा असता याचे उत्तर देणारा फोटो डोरोथिया लँगचा, 'मायग्रंट मदर'. १९३६ चा मार्च महिना, कॅलिफोर्नियातले निपोमो, वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांची छावणी. लँग सरकारी खात्यासाठी ग्रामीण गरिबीचे फोटो काढत फिरत होती. काम संपवून घरी निघाली होती. रस्त्यावर छावणीची पाटी दिसली, ती मागे टाकून वीसएक मैल पुढे गेली, आणि मग गाडी वळवून परत आली. तिथे तंबूत बसलेल्या एका बाईचे तिने काही मोजके फोटो घेतले.

ज्यांना कॉम्पोझिशन शिकायचे आहे त्यांनी हे सगळे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने ते जपले आहेत आणि कोणालाही पाहता येतात. लांबच्या फोटोत अख्खा तंबू आहे, सामान आहे, मोठी मुलगी आहे. ती माझ्या नायगाऱ्यासारखी 'सगळे आले पाहिजे' अशी चौकट. मग लँग जवळ जाते. तंबू सुटतो. आणखी जवळ जाते. मोठी मुलगी सुटते, सामान सुटते. शेवटी उरते ती आई, मांडीवर तान्हे मूल, आणि दोन्ही खांद्यांवर मान टाकून, पाठ फिरवून उभी असलेली दोन मुले. मुलांचे चेहरे दिसत नाहीत, म्हणून आपली नजर आईच्या चेहऱ्यावरून हलत नाही. तिचा हात गालाशी गेला आहे आणि ती आपल्याकडे बघत नाही. चेहरा जवळजवळ मधोमध आहे. इथेही जाळीचा नियम बाजूला राहिला. दर पावलाला काहीतरी गाळत गेल्याने जे उरले ते सगळ्या जगाने लक्षात ठेवले.

मी पुस्तक मिटून आईला मनातल्या मनात म्हणालो, भिंगाची गरज नव्हती, मीच दहा पावले पुढे जायला हवे होते.

पण गाळण्याचीही किंमत असते. फोटोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. लँगला तो खटकत होता, म्हणून तिने १९३९ मध्ये निगेटिव्हवर तो पुसट करून घेतला. अंगठ्याचे एक सोडून देऊ. त्या बाईचे नाव तिने विचारलेच नाही, असे लँगनेच नंतर लिहिले. फोटो वर्तमानपत्रांत गेला, पुस्तकांत गेला, जगातल्या सगळ्या आयांचे प्रतीक झाला, आणि ती बाई कोण हे लोकांना कळले १९७८ साली. तिचे नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ओक्लाहोमाची, चेरोकी वंशाची. फोटो काढला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, आणि या फोटोतून आपल्याला काहीच मिळाले नाही याचा तिला राग होता. लँगलाही त्याचे वेगळे पैसे मिळाले नव्हते, फोटो सरकारच्या मालकीचा होता, आणि त्याने त्या छावणीत अन्न पोचायला मदत झाली, हेही सांगितले पाहिजे. तरी फ्लोरेन्सबाईंचा राग मला समजतो. चौकट इतकी जवळ आणली की चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती आली, आणि नाव मात्र बाहेर राहिले.

म्हणजे लांबून पाहिले तर माणूस आकार होतो आणि जवळून पाहिले तर प्रतीक होतो. मग करायचे काय? इथे मला तिसऱ्या फोटोग्राफरने हात दिला, आणि तो निघाला आपल्याकडचा.

रघुबीर सिंग जयपूरचे, जन्म १९४२. पुढे हाँगकाँग, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क इथे राहिले आणि १९९९ मध्ये न्यूयॉर्कला वारले. राहिले परदेशात, पण आयुष्यभर फोटो काढत राहिले ते भारताचे, तेही रंगीत, ज्या काळात गंभीर फोटोग्राफी म्हणजे कृष्णधवल असे मानले जाई. मुंबईवरचे त्यांचे पुस्तक १९९४ साली निघाले, त्याच्या सुरुवातीला व्ही. एस. नायपॉल यांच्याशी केलेला संवाद आहे. आपल्यापैकी ज्यांचे बालपण मुंबईत गेले त्यांनी ते जरूर पाहावे.

मी ज्याविषयी बोलतो तो फोटो हावड्याचा आहे, १९९१ सालचा. फूटपाथवर आरसे विकणाऱ्याचे दुकान. चौकटीत आरसेच आरसे, आणि त्या आरशांत मागचा-पुढचा रस्ता, रहदारी, येणारे-जाणारे लोक. ज्या रस्त्याकडे फोटोग्राफरची पाठ आहे तोही चौकटीत आला आहे! चौकटीत चौकट ठेवावी हा वर्गातला चौथा-पाचवा धडा. इथे तो असा वापरला आहे की एका फोटोत अनेक फोटो झाले आहेत. मुख्य माणूस कोणता, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. ज्याच्यावर नजर ठरेल तो त्या क्षणापुरता मुख्य. अँबॅसेडर गाडीतून काढलेल्या त्यांच्या फोटोंतही हेच दिसते: दाराची चौकट, काचेची चौकट, बाजूचा आरसा, आणि प्रत्येकात वेगळे काहीतरी चाललेले.

हे फोटो मला पहिल्यांदा गर्दीचे वाटले होते. वर्गात शिकवलेल्या 'एक फोटो, एक विषय' या शिस्तीत ते बसत नव्हते. पण आपल्याकडचे लग्नघर आठवून पाहा. एकीकडे होम, एकीकडे रुखवत, मध्येच कोणाचे तरी पोर रडते आहे, मामा चहाचे कप मोजतो आहे. यातला विषय कोणता? रघुबीर सिंगांनी गर्दी गाळली नाही, गर्दीला जागा लावून दिली. माझ्या मते ते तिघांत सर्वांत अवघड काम आहे, आणि आपल्या उपयोगाचेही सर्वांत जास्त. गर्दी सगळ्यांनाच टिपता येते. पण सिंगांच्या चौकटीत कोणी कोणाच्या आड येत नाही, कोणाचे डोके कोणाच्या खांद्यातून उगवत नाही. त्यासाठी नियम पाठ असावे लागतात आणि पाय हलावे लागतात.

हे सगळे पाहून झाल्यावर मी मंडळाच्या गणेशोत्सवाचे माझे जुने फोटो काढून बसलो. तीन वर्षांचे मिळून हजाराच्या वर असतील. त्यांत मखर आहे, आरती आहे, पाहुण्यांचा सत्कार आहे, समितीची रांग आहे, नाटकाचा शेवटचा प्रवेश आहे. जवळजवळ प्रत्येक फोटो सभागृहाच्या मधल्या वाटेवरून, व्यासपीठाकडे तोंड करून काढलेला. तीन वर्षे मी एकाच जागी उभा होतो आणि मला ते कळलेही नव्हते!

त्या फोटोंत कोण नाही, याची मी यादी केली. पहाटेपासून शाळेच्या स्वयंपाकघरात मोदक वळणाऱ्या बायका नाहीत. रात्री अकरा वाजता खुर्च्या घडी करून ठेवणारी कॉलेजची मुले नाहीत. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर ओळीने बसलेले, सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा नाहीत. एका काकूंना मी हे सांगितले तर त्या हसून म्हणाल्या, "अरे, बावीस वर्षं मोदक केलेत मी. तुमच्या स्मरणिकेत फक्त मोदक आलेत." यावर कोणता नियम सांगणार?

गेल्या गणपतीत मी सकाळी सहालाच स्वयंपाकघरात गेलो. पहिले फोटो बिघडले, कारण सगळ्याजणी पदर सावरून माझ्याकडे बघू लागल्या. तासभर नुसता उकड मळायला मदत केली, मग कॅमेरा काढला. ओट्याच्या कोपऱ्यात उभे राहिले की स्टीलच्या टेबलाची कड तिरकी आत जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना हात दिसतात, हे तिथे उभा राहिल्यावरच कळले. एक फोटो बरा आला आहे. त्यात चार काकू आहेत, चौघींचे चेहरे दिसतात, आणि खाली चौघींची नावे लिहून दिली आहेत. संपादकांना विनंती आहे की छापताना नावे कापू नयेत.

आपली मुले हातात फोन घेऊनच वाढतात आणि आपल्यापेक्षा शंभरपट फोटो काढतात. त्यांना या सुट्टीत एक खेळ जरूर द्यावा. एकाच प्रसंगाचे फक्त तीन फोटो काढायचे: एक जिथे आहोत तिथून, एक दहा पावले पुढे जाऊन, आणि एक पलीकडच्या बाजूने. मग तिन्ही फोटो टेबलावर किंवा पडद्यावर शेजारी ठेवून घरच्यांनी विचारायचे, यात कोण आले आणि कोण राहिले? तृतीयांशाच्या रेघा त्यानंतर शिकवाव्यात. त्या एका संध्याकाळी शिकून होतात.

आईला जाऊन आता नऊ वर्षे झाली. सांगलीचे घर आवरताना तिच्या कपाटात ते नायगाऱ्याचे पाकीट सापडले. त्या फोटोवर निळ्या ठिपक्याभोवती तिने पेनाने एक लहानसे वर्तुळ काढले होते आणि मागे नातवाचे नाव लिहिले होते.